नदी नसलेल्या गावाचा गोटा

योगिनीबाईंनी गुणाजींना पहिल्यांदा नीट पाहिलं ते जिन्यात. तशी दोघं बारा वर्षं कोपरीतल्या एकाच इमारतीत राहत होती, बाई चौथ्या मजल्यावर आणि गुणाजी तिसऱ्या. पण शाळेत असताना बाई जिना उतरायच्या तेव्हा हातात वह्यांचा गठ्ठा आणि डोक्यात पहिला तास असायचा. गुणाजी खोपटच्या एसटी डेपोत, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलायच्या कामावर, म्हणून त्यांचा जिना पहाटेचा. निवृत्तीनंतर बाईंचा उजवा गुडघा धरू लागला आणि दुसऱ्या नि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर दम खायला थांबायची पाळी आली. त्या वळणावर गुणाजी बसलेले असत.

पोत्याची घडी टाकून, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट राहील असे पाय जवळ घेऊन ते बसायचे. शेजारी एक काळा गुळगुळीत धोंडा. ऑक्टोबरातली सकाळ होती, बाईंच्या हातात भाजीची पिशवी होती.

"इथे का बसता हो?" बाईंनी विचारलं.

"सूनबाईंची मीटिंग असते. नऊ ते अकरा," गुणाजी म्हणाले. आवाज अगदी खालचा, देवळात बोलल्यासारखा. "कॅमेऱ्यात मी मागं दिसतो ना. एकदा बनियनवर दिसलेलो. साहेब अमेरिकेतला. तो म्हणाला, नमस्ते."

"आणि हा धोंडा?"

"हा दाराला लावतो, दार आपटू नये म्हणून. मीटिंगला दार बंद करतात, तेव्हा ह्याचं काम नसतं. मग आम्ही दोघंही बाहेर."

बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि धोंडा उचलला. नारळाएवढा, पण नारळाच्या चौपट जड. त्यांनी तो हातात फिरवून पाहिला. तेहेतीस वर्षं भूगोल शिकवला होता. हातात दगड आला की तो कुठला असेल ते आधी बोटांना कळायचं.

"गुणाजीराव, हा कुठल्या नदीतला?"

"नदीतला नाही बाई, शेतातला. आमच्या गावाला नदी नाही."

"मग हा इतका गोल कसा?"

गुणाजींनी धोंड्याकडे असं पाहिलं, की जणू त्यानं काही लपवून ठेवलं होतं. "धोंडा आहे, गोल आहे," ते म्हणाले. "असले आमच्याकडं हवे तेवढे. नांगर घातला की वर येतात. बापानं वेचले, मी वेचले, अजून संपले नाहीत. बांधाला लावावेत तर सरकतात."

बाई खालच्या पायरीवर बसल्या. डोंगराचा दगड फुटतो तेव्हा त्याला कडा असतात, त्यांनी सांगितलं. कडा झिजवायला पाणी लागतं, आणि पाण्यानं त्याला पुष्कळ लांब लोळवत न्यावं लागतं. एवढा गोटा लोळवायचा तर ओढ्याची ताकद पुरत नाही. भरपूर पाण्याची नदी हवी.

"पण नदी नाही," गुणाजी पुन्हा म्हणाले.

"म्हणून तर विचारतेय."

त्यानंतरच्या सकाळी बाई भाजी नसली तरी साडेनऊला जिना उतरू लागल्या. गुणाजी खडूनं वळणावरच्या फरशीवर आपलं गाव काढून दाखवत. पेंढरदरे, माळशेज घाट चढून गेल्यावर आत कुठंतरी, घाटाच्या अगदी कडेला. दोन्ही अंगांना डोंगर, उतारावर हिरड्याची झाडं, मधे सपाट रुंद दरी. एका डोंगराच्या पायथ्यापासून दुसऱ्याच्या पायथ्याशी जायला चांगली दहा मिनिटं लागावीत एवढी रुंद. आणि त्या सगळ्या रुंदीतून वाहतो काय, तर एक ओहोळ. पोरसवदा मुलगी उडी मारून ओलांडील एवढा. तोही दिवाळीपर्यंत.

"आणि वरच्या बाजूला, पश्चिमेला? तिकडे दरी अरुंद होत जाते? मागे मोठा डोंगर आहे?"

"नाही. तिकडं काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे चालत गेलं की दरी संपते. कडा. खाली कोकण."

बाई बराच वेळ त्या खडूच्या रेघेकडे पाहत राहिल्या. पुस्तकातली आकृती आयुष्यभर फळ्यावर काढावी आणि तीच एक दिवस आपल्या जिन्यातल्या फरशीवर, तिथं वाढलेल्या माणसानं काढलेली सापडावी, तसं त्यांना झालं.

गुणाजींना मात्र आकृतीशी घेणं नव्हतं. त्यांना परत जायचं होतं. गावचं घर त्यांनी निवृत्तीच्या आधीच नीट करून घेतलं होतं. कौलं बदलली, मोरी बांधली, मोरीजवळ घागरीसाठी कट्टा केला. कोपरीच्या खोलीत मुलगा दर्शन, सून ऐश्वर्या, नात प्राप्ती, बायको विमलाबाई आणि ते स्वतः, अशी पाच माणसं. भिंतीला लावलेली त्यांची घडीची खाट रात्री दहाला उघडायची आणि सकाळी सहाला मिटायची. मधल्या वेळात कुठं असायचं, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. दोन तास जिना, दोन तास स्टेशनबाहेरचा बाक, दुपारी दत्ताच्या देवळाचा ओटा.

अडत होतं ते एका गोष्टीवर. गावाला डिसेंबरनंतर पाणी नाही, आणि विमलाबाईंनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "चैत्रात त्या घरात भरलेली घागर दाखवा. त्याच दिवशी ट्रंक भरते. तोपर्यंत माझ्यापुढं गावाचं नाव काढायचं नाही."

पेंढरदऱ्याच्या माणसांचं ठाण्यात मंडळ होतं. पेंढरदरे ग्रामस्थ मंडळ, ठाणे-कल्याण. गावात उघडी दारं अकरा, मंडळात सभासद चव्वेचाळीस. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोपरीतल्या एका शाळेच्या वर्गात ते जमत, छोट्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसत आणि गावाच्या पाण्याविषयी बोलत. सेक्रेटरी साईनाथ, डोंबिवलीला मानपाड्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. बोअर मारून झाल्या होत्या, तिन्ही कोरड्या. गुणाजींनी साईनाथला सांगितलं, आमच्या इमारतीत एक बाई आहेत, त्यांना धोंड्यावरून नदी कळते.

दिवाळीआधीच्या रविवारी बाई त्या वर्गात उभ्या राहिल्या. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच हातात खडू होता. टेबलावर गुणाजींचा गोटा, शेजारी रस्त्यावरून उचललेली खडबडीत खडी. फळ्यावर त्यांनी ती दरी काढली आणि मधे ओहोळाची बारीक रेघ.

"एवढीशी सुई घेऊन कुणी एवढं मोठं घमेलं कोरील का?" त्यांनी विचारलं. "तुमची दरी ह्या ओहोळानं केलेली नाही. त्याची ती ताकदच नाही. ही दरी आणि हे गोटे एका मोठ्या नदीचे आहेत. तुमच्या गावातून एके काळी मोठी नदी वाहत होती."

मागच्या बाकावरून एक म्हातारा म्हणाला, "मी म्हणत नव्हतो? माझा आजा म्हणायचा." शेजारचा म्हणाला, "तुझा आजा पुष्कळ काही म्हणायचा." हशा झाला. तेवढ्यात दारात पुढचं भजनी मंडळ टाळ घेऊन उभं राहिलं. त्यांची वेळ झाली होती.

बाईंनी खडू ठेवला, हात झटकले आणि सवयीनं, तेहेतीस वर्षांच्या सवयीनं, तास संपताना म्हणायच्या ते म्हणाल्या, "मग एवढी मोठी नदी गेली कुठे? विचार करून या. पुढच्या वेळी सांगते."

मुलं ह्या प्रश्नावर दुसऱ्या दिवशी धावत यायची. निम्मा धडा सांगावा, उरलेल्या निम्म्याची भूक लावून सोडावं, अशी बाईंची पद्धत. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा तिची नोंदही केली होती. पण बाकांवर बसलेली ही माणसं आठवीतली नव्हती. ती तीस-तीस वर्षं पाण्याचा विचार करत होती आणि त्यांना पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं नव्हतं. शाळेच्या पायऱ्या उतरता उतरताच साईनाथ म्हणाला, "नदी काय चोरीला जाते का? वर नाही म्हणजे खाली आहे." चहा संपायच्या आत विहिरीची जागा ठरली होती. दरी सगळ्यात रुंद जिथं, तिथं.

बाईंना हे कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली आणि त्या डोंबिवलीला भाची संचिताकडे राहायला गेल्या. एका डोळ्याचं झालं, साखर वाढल्यानं बरं व्हायला वेळ लागला, मग दुसऱ्या डोळ्याचं. वाचायचं नाही, वाकायचं नाही, जिने नाहीत. मंडळाच्या पुढच्या सभेला त्या नव्हत्या. धडा निम्माच राहिला.

डिसेंबरात एक दिवस संचितानं फोन त्यांच्या कानाशी धरला.

"बाई, लागलं. बावीस फुटांवर लागलं."

"कोण बोलतंय? काय लागलं?"

"नदी लागली, बाई."

आवाज त्यांनी ओळखलाच नव्हता. जिन्यातले गुणाजी इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. ते गावाहून बोलत होते. गावातल्याच एकाच्या पुतण्याचं पोकलेन मशीन होतं, मंडळातली माणसं सुट्ट्या टाकून आलेली, आणि बावीस फुटांवर वाळू नि गोट्यांच्या थरातून पाणी फुटलं होतं. "गोटे कसले, बाई. माझ्या धोंड्याचे सगळे भाऊ निघाले. आता मी इकडंच. हिला सांगितलंय, पाडव्याला येणार न्यायला."

बाई हिरवं फडकं बांधलेल्या डोळ्यानं भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. ते पाणी कुठलं, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. जुन्या नदीनं टाकलेल्या गाळात मुरलेलं ते ह्याच पावसाचं पाणी. त्याखाली अखंड काळा दगड. गाळातलं पाणी झिरपत झिरपत जाणार आणि माघात, फार तर होळीपर्यंत संपणार. नदी त्याच्या खाली नाही, बाजूलाही नाही. हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

"छान झालं, गुणाजीराव," त्या म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर संचितानं विचारलं, "आत्या, चेहरा का असा केलास? चांगली बातमी होती ना?"

"चांगली आहे," बाई म्हणाल्या. "निम्मी आहे."

पुढे दोन महिने त्या मनातल्या मनात फोन करत राहिल्या. रोज वाटायचं, आज सांगावं. आणि रोज तो मोठा आवाज आठवायचा.

फेब्रुवारीत त्या कोपरीला परत आल्या. वळणावर कुणी नव्हतं, पोत्याची घडीही नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडं होतं, त्याला धोंड्याऐवजी रबराचा तुकडा लावला होता. आत घडीची खाट होती त्या भिंतीला नवंकोरं मेज ठोकून बसवलेलं, वर फळ्या, फळ्यांवर ऐश्वर्याच्या फायली आणि एक छोटं रोप. ऐश्वर्या कानाचा हेडफोन बाजूला करून हसली.

"मॅडम, बघा ना, कसं झालंय? बाबांनीच सुताराला बोलावलं, जायच्या आधी. मी म्हणत होते, राहू दे, नंतर बघू. तर म्हणाले, अगं मी आता कशाला येतोय, भिंत मोकळी झाली."

बाईंनी मेजाच्या पायांकडे पाहिलं. भिंतीत स्क्रू मारून पक्के केले होते.

विमलाबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. ट्रंक पलंगाखालीच होती, बाहेर काढलेली नव्हती. बाई त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या, गुडघा दुखत होता तरी, आणि त्यांनी सगळं सांगितलं: वर्गात सांगितलेला धडा, न सांगितलेला धडा, फोन, आणि विहीर किती दिवसांची आहे ते.

विमलाबाईंचे हात थांबले नाहीत. "मग नदी गेली कुठं?" त्यांनी विचारलं.

"कड्यावरून खाली गेली. पश्चिमेला."

"हां," विमलाबाई म्हणाल्या. "ते ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?" बाईंनी विचारलं.

"लग्न झाल्यावर चार वर्षं होते मी तिथं. माघ लागला की आम्ही बायका कड्याची वाट उतरायचो. अर्ध्या कड्यात झिरा आहे, करंगळीएवढी धार, पण चैत्रातही आटायची नाही. दोन हंडे डोक्यावर, एक काखेत. वर येईपर्यंत ऊन तापायचं. सगळं पाणी खालीच पडतं, हे गावच्या बायकांना कुणी शिकवायला लागत नाही." त्यांनी देठं एका बाजूला सारली. "मंडळात बायका नाहीत. मला कोण विचारतंय?"

"मग गुणाजीरावांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. चैत्रात घागर दाखवा असं मी म्हणाले, ते दुसरं काय होतं?"

बाहेरून ऐश्वर्याचं इंग्रजी ऐकू येत होतं. मग विमलाबाई म्हणाल्या, "फोनवर नका सांगू. ते मोठ्यानं बोलायला लागलेत. मीही येते."

खोपटहून सकाळची गाडी मिळाली. कल्याण, मुरबाड करत ती माळशेजला लागली तेव्हा विमलाबाईंनी डोळे मिटून घेतले. कडा बघायचा नाही, म्हणाल्या, पाठ आहे. फाट्यावर गुणाजी जीप घेऊन उभे होते. रंग उन्हानं काळवंडलेला, दाढी वाढलेली, आणि दोघींना एकदम पाहून आनंद कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. वाटभर बोलत होते. हे बघा बाई, इथून दरी सुरू होते. हे बघा, हे बांध नवीन घातले. विमल, मोरीला खिडकी केली बघ.

विहिरीजवळ आल्यावर मात्र त्यांचं बोलणं कमी झालं. काठावरच्या खुंटाला एक दोर बांधला होता, त्याला वीतवीतभर अंतरावर गाठी. बाईंनी तो हातात घेतला. खालच्या पाच गाठी ओल्या होत्या, वरच्या सगळ्या वाळून कडक झालेल्या.

"रोज मोजता?"

"सकाळी." गुणाजींचा आवाज पुन्हा जिन्यातला झाला. "संक्रांतीला वीस गाठी होत्या."

"मंडळाला सांगितलंत?"

"नाही."

"दर्शनला?"

गुणाजींनी दोर त्याच्या जागी नीट गुंडाळून ठेवला. "खोदायला कमी पडलं का, बाई? अजून खाली जायला हवं होतं?"

बाईंनी पश्चिमेकडे पाहिलं. म्हणाल्या, "कड्यापर्यंत चला. माझा एक तास राहिलाय."

तिघं पश्चिमेकडे चालत निघाली. नदीच्या वरच्या अंगाला जावं तशी वाट, पण चढ असा नाहीच. दोन्ही बाजूंचे डोंगर तेवढेच लांब, दरी तेवढीच रुंद, पायांखाली तेच गोल गोटे, आणि पुढे कड्याशी एकदम आभाळ. खालून वारा वर येत होता. बाईंनी विमलाबाईंचा खांदा धरला.

"नदीचा उगम अरुंद असतो, गुणाजीराव. मागं डोंगर असतो, तिथनं ती बारीक निघते आणि खाली रुंद होते. तुमची दरी इथे कड्यावरच एवढी रुंद आहे. म्हणजे उगम इथला नाही." त्यांनी समोर आभाळात बोट केलं. "तो तिकडे होता. घाटाचा कडा तेव्हा तिकडे होता, पुष्कळ पुढे. तिथला पाऊस घेऊन नदी इथनं जायची, गोटे लोळवत, पूर्वेला."

"मग?"

"मग कडा मागे आला. कोकणातले ओढे आखूड आणि खड्या उताराचे. समुद्र जवळ, पाऊस दांडगा. ते कडा खालून पोखरतात, दर पावसाळ्यात थोडा ढासळतो आणि ओढ्याचं तोंड मागे सरकतं. लाखो वर्षं असं मागे येत येत ते तुमच्या नदीपर्यंत पोचले आणि त्यांनी तिचा वरचा भाग तोडून घेतला. जे पाणी इकडे यायचं, ते तिकडे उतरायला लागलं. दरी राहिली, गोटे राहिले, पाणी गेलं. नदी आटलेली नाही, गुणाजीराव. खालीही गेलेली नाही. तिचं पाणी दुसऱ्या नदीनं नेलंय, आणि ते पुन्हा इकडे वळत नाही."

गुणाजी काठापासून दोन पावलं मागे उकिडवे बसले. एक गोटा उचलला, फिरवला, ठेवला.

"नेलं कुठं?"

"काळू नदीला. मग उल्हासला. मग कल्याणच्या खाडीला."

"कल्याणला," गुणाजी म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "म्हणजे मी पाण्याच्या मागनंच खाली आलेलो."

"पाणी निदान समुद्रापर्यंत पोचलं," विमलाबाई म्हणाल्या. "तुम्ही खोपटला अडकलात."

गुणाजी हसले. हसणं लवकर संपलं. "बाई, हे त्याच रविवारी सांगितलं असतंत तर?"

"तर तुम्ही विहीर खणली नसतीत."

"नसती," गुणाजी म्हणाले. "मेजही ठोकलं नसतं."

त्यात राग नव्हता. बाईंना राग चालला असता. तेहेतीस वर्षांत किती वर्गांतून आपण निम्मा धडा सांगून बाहेर पडलो, आणि किती मुलांनी उरलेला निम्मा आपल्या मनानं भरला असेल, ह्याचा हिशेब त्यांना कधी करावासा वाटला नव्हता. आता तो डोळ्यांसमोर उकिडवा बसला होता.

परत येताना गुणाजी बायकोच्या बाजूनं चालू लागले. "विमल, माघापर्यंत असतं ना पाणी. आठ महिने म्हणजे काय थोडे झाले?"

"आणि चार महिने?"

"चार महिने कोपरीला."

"कोपरीला कुठं? मेजावर?"

"मी एकटा राहीन मग. झिऱ्यावरनं आणीन."

विमलाबाई थांबल्या. "तुम्ही त्या वाटेनं कधी उतरलायत? एकदा तरी?"

गुणाजींनी वाटेतला एक गोटा पायानं बाजूला सारला.

"मी उतरलेय. माझे दोन्ही गुडघे त्या कड्यावर आहेत. तुमचं वय एकसष्ट. पाय घसरला तर मला दोन दिवसांनी कळेल. इथं राहायचं तर राहा, मी अडवत नाही. पण मी नळापासून हलणार नाही." आणि मग, जरा हळू, "आणि तुमच्या गोळ्या रात्रीच्या मी आठवण केल्याशिवाय घेत नाही तुम्ही."

त्यांनी घर उघडलं. मोरीजवळच्या कट्ट्यावर पितळी घागर घासून उपडी ठेवलेली होती. विमलाबाईंनी ती उचलून आत फळीवर ठेवली. चहा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजींनी दोर मोजला, साडेचार गाठी, दोर शेजाऱ्याच्या हाती दिला आणि रोज कसा सोडायचा ते दाखवलं. दारातला धोंडा, कोपरीहून परत आणलेला, त्यांनी बांधावर नेऊन ठेवला. मग कुलूप लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं, आणि तिघं जीपमध्ये बसली.

पुढच्या पहिल्या रविवारी बाईंनी मंडळाला राहिलेला धडा सांगितला. भजनी मंडळ दारात आलं तरी थांबल्या नाहीत, आणि शेवटी कुणाला प्रश्न विचारला नाही. साईनाथनं फळ्यावरचा कडा वहीत उतरवून घेतला. मग म्हणाला, "म्हणजे माघापर्यंत तरी टँकर नको. त्यावर बोलू." बोलणं पुढे गेलं. विहीर गावाला उपयोगी आहे. अकरा घरांचा उन्हाळा तिच्यामुळे दोन महिन्यांनी आखूड झाला. मंडळानं गुणाजींचा नारळ देऊन सत्कारही केला. गुणाजी छोट्या बाकावरून उठले तेव्हा त्यांचे गुडघे बाकाला अडकले आणि दोघांनी हात धरून त्यांना बाहेर काढलं.

घरी ऐश्वर्या म्हणाली, "बाबा, मेज काढून टाकूया का?" मनापासून म्हणाली. गुणाजी म्हणाले, "नको, भिंतीला भोकं पडतील." दर्शननं खाट भंगारात दिलेली होती. प्राप्तीनं त्यांना मेजाखालचा खण दिला, कपडे ठेवायला. तिची खेळणी तिनं दुसरीकडे हलवली.

योगिनीबाई अजून सकाळी जिना उतरताना वळणावर थांबतात. दोघं बोलतात, प्राप्तीच्या शाळेचं, गुडघ्यांचं. गावाचं क्वचित. पोत्याची घडी परत आली आहे, शेजारी धोंडा नाही.

गुणाजी आता बासष्ट वर्षांचे आहेत. ते कोपरीतच राहतात, सकाळी नऊ ते अकरा जिन्यात बसतात आणि रात्री मेजाखाली पाय घालून झोपतात.